रेशीमकिडे वाचवायला गेले आणि सापडला अळ्यांचा काळ!

वळसंगहून रोज सोलापूरला कॉलेजला येणाऱ्यांना हे सांगायला नको, की तूर फुलोऱ्यात आली की शेतात एकच विषय असतो : अळी पडली का? मग कुणीतरी कृषी केंद्रातून ‘बीटी’ आणतं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाचा जिवाणू. गंमत म्हणजे तो पहिल्यांदा ज्यांच्या हाती लागला, ते अळ्या मारायला नाही, वाचवायला निघाले होते. त्यांचं नाव शिगेताने इशिवाता.

इशिवाता यांचा जन्म 1868 चा. त्याच वर्षी जपानमध्ये मेइजी राजवट आली आणि देश झपाट्याने बदलू लागला. कारखाने, रेल्वे, यंत्रं या सगळ्याला पैसा हवा होता आणि तो मोठ्या प्रमाणात रेशमाच्या निर्यातीतून येत होता. त्यामुळे रेशीमकिडा आजारी पडला, की शेतकऱ्याचं घर आणि देशाची तिजोरी दोन्ही हलायची. इशिवाता यांनी आयुष्य वाहून घेतलं ते याच किड्याला. अळी असतानाच नर कोणता, मादी कोणती हे ओळखण्याची खूण त्यांनी शोधली. संकरित अंडीपुंज तयार करणाऱ्यांना तिचा फार उपयोग झाला. त्या ग्रंथी आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

1901 मध्ये ते एका विचित्र रोगाच्या मागे लागले. पाला खाणाऱ्या धडधाकट अळ्या अचानक खाणं सोडायच्या, लुळ्या पडायच्या आणि मरायच्या. अचानक कोसळणं, म्हणून जपानीत रोगाचं नाव ‘सोत्तो’. मेलेल्या अळ्यांमधून इशिवाता यांनी जिवाणू वेगळा केला आणि त्याला नाव दिलं बॅसिलस सोत्तो.

पण हे नाव टिकलं नाही. 1911 मध्ये जर्मनीत अर्न्स्ट बर्लिनर यांना थुरिंजिया प्रांतातल्या पिठाच्या पतंगाच्या अळीत असाच जिवाणू सापडला. 1915 मध्ये त्यांनी दिलेलं नाव शास्त्राने मान्य केलं. 1938 मध्ये फ्रान्समध्ये या जिवाणूचं कीटकनाशक बाजारातही आलं. 1941 मध्ये इशिवाता वारले. अळीला मारतो तो जिवाणूत तयार होणारा प्रथिनाचा स्फटिक, हे सिद्ध झालं त्यानंतर, 1950 च्या दशकात.

हा स्फटिक काम करतो तरी कसा? अळीच्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो, त्यात तो विरघळतो. मग प्रथिन आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना भोकं पाडतं. अळीचं खाणं बंद! आपल्या जठरात आम्ल असतं आणि ते प्रथिन चिकटेल अशी जागाही आपल्या आतड्यात नसते.

1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटातल्या एका डबक्यात याच जिवाणूचा डासांच्या अळ्या मारणारा प्रकार मिळाला. तो साचलेल्या पाण्यात टाकतात. उडणाऱ्या डासाला मात्र त्याने काही होत नाही. 1981 मध्ये अमेरिकेत शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचं जनुक वेगळं केलं. पुढे झाडाला नीट वाचता येईल अशी त्याची अक्षरं बदलून ते कपाशीत घातलं. 2002 मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, त्यात जालन्याच्या महिको कंपनीचा वाटा होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण गुलाबी बोंडअळी या प्रथिनाला सरावली. कपाशीत एकाऐवजी दोन प्रथिनं घातली, ती दोन्हीही तिने पचवली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांना मोठा फटका बसला. बीटीच्या शेजारी साध्या कपाशीच्या ओळी लावा, असं शास्त्रज्ञ सांगत होते. त्या ओळींवर न सरावलेल्या अळ्या जगतात, सरावलेल्यांशी त्यांचा संकर होतो आणि सवय पसरायला वेळ लागतो. पण आपल्या रानात अळ्यांसाठी पीक कोण सोडणार? बहुतेक ठिकाणी ते झालंच नाही.

आणखी एक. आता सोलापूर जिल्ह्यातही तुती लावून रेशीम घेणारे शेतकरी आहेत. तुरीवर मारलेली बीटी वाऱ्याने शेजारच्या तुतीवर गेली, तर तिथल्या अळ्या तशाच लुळ्या पडतील, इशिवातांनी 1901 मध्ये पाहिल्या तशा. जिवाणूला मित्र-शत्रू कळत नाही. फवारणीच्या दिवशी वाऱ्याची दिशा बघणं आणि शेजाऱ्याला आधी सांगणं, एवढं मात्र आपल्या हातात आहे.