वैरत्यागाची वाट : आचार्य विनोबा भावे

मनुष्याच्या मनात खोलवर रुजलेले वैर खरोखर नाहीसे होऊ शकते काय, हा प्रश्न फार जुना आहे. त्याचे उत्तर ग्रंथांपेक्षा माणसांत शोधणारे थोर पुरुष म्हणजे आचार्य विनोबा भावे. वऱ्हाडला ते परके नव्हते. नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाबद्दल १९२३ साली त्यांना घडलेल्या कारावासाचा काही काळ अकोल्याच्या तुरुंगात गेला.

११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षण बडोद्यास झाले. वंगभंगानंतरचा तो काळ. इंग्रजांविषयीच्या द्वेषाने तरुण पेटले होते आणि बॉम्ब-पिस्तुलाचा मार्ग अनेकांना पवित्र वाटत होता. विनोबांच्या मनालाही दोन ओढी होत्या. एक हिमालयाच्या शांतीची, दुसरी बंगालच्या क्रांतीची. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत सुरतेस उतरले आणि काशीस गेले. तेथे गांधीजींचे हिंदू विश्वविद्यालयातील भाषण त्यांच्या वाचनात आले. बॉम्ब फेकणाऱ्या तरुणांच्या देशप्रेमाचा त्यात आदर होता, त्यांच्या मार्गाचा मात्र स्पष्ट निषेध होता. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादेच्या कोचरब आश्रमात भेट घडली. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती आपणांस एकाच ठिकाणी लाभली, असे ते पुढे सांगत. शस्त्राचे आकर्षण कोणी दटावल्याने गेले नव्हते. त्यामागची तळमळ सामावून घेणारे कार्य लाभले म्हणून ते गेले. हा स्वानुभव त्यांच्या पुढील कार्याच्या मुळाशी असावा.

१९५१ साली तेलंगणात जमीनदार, सशस्त्र कम्युनिस्ट आणि शासन यांच्या संघर्षात रक्त सांडत होते. पवनारहून पायी निघालेले विनोबा शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनास पोहोचले आणि हैदराबादच्या तुरुंगात जाऊन बंदिवान कम्युनिस्टांनाही भेटले. गरिबांविषयीची त्यांची कळकळ विनोबांनी खरी मानली, हिंसा अमान्य केली. १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीच्या हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. भूदानाचा आरंभ हा असा झाला. अमरावती जिल्ह्यातील मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजही पुढे या कार्यात उतरले. दान मिळालेल्या जमिनीपैकी बरीच जमीन प्रत्यक्षात वाटली गेली नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याहून कठीण कसोटी चंबळच्या खोऱ्यात लागली. तेथील वैर पिढीजात. सूड हे कर्तव्य मानले जाई. प्रसिद्ध दरोडेखोर मानसिंग याचा पुत्र तहसीलदारसिंग फाशीची वाट पाहत तुरुंगात होता. त्याने विनोबांच्या दर्शनाची इच्छा पत्राने कळविली. विनोबा तेव्हा काश्मीरच्या पदयात्रेत होते. त्यांनी मेजर जनरल यदुनाथसिंग यांना पाठविले आणि मे १९६० मध्ये स्वतः भिंड-मुरैना भागात पदयात्रा केली. शिक्षेतून सूट देण्याचे आश्वासन त्यांनी कोणासही दिले नाही. तरीही वीस दरोडेखोरांनी शस्त्रे त्यांच्यापुढे ठेवली; त्यांत लुक्का नावाने ओळखला जाणारा लोकमन दीक्षितही होता. खटले चालले, शिक्षा झाल्या. तहसीलदारसिंगाची फाशी जन्मठेपेत बदलली.

यावर टीकाही झाली. दरोडेखोरांचे स्तोम माजविले जात आहे आणि बळी पडलेल्या कुटुंबांचा विसर पडला आहे, असा पोलीस अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. काही वर्षे हे कार्य थंडावलेही. परंतु ज्यांनी शस्त्रे टाकली त्यांची वार्ता दऱ्याखोऱ्यांत टिकून राहिली असावी. कारण १९७१ मध्ये माधोसिंग हा नामांकित दरोडेखोर वेषांतर करून पवनारला आला. विनोबांनी त्याला जयप्रकाश नारायण यांच्याकडे पाठविले आणि एप्रिल १९७२ पासून शेकडो दरोडेखोरांनी आत्मसमर्पण केले.

प्रतिपक्षातील सत्यांश पाहण्याची ही वृत्ती अनेकांताशी जुळणारी होती. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षी, १९७४ मध्ये, त्यांच्याच प्रेरणेने सर्व जैन संप्रदायांना मान्य असा ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ सिद्ध झाला. नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांनी अन्न व औषध वर्ज्य केले आणि १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी, पवनार येथे देह ठेवला.