कानाची मोजदाद करणारे फ्लेचर

डिजिटल संगीतातील आकड्यांचे विद्युतलहरींत रूपांतर करणारा महागडा ‘डॅक’ निवडताना कान सहज फसतो. तो का फसतो, हे हार्वे फ्लेचर यांच्या कामातून उमगते.

१८८४ मध्ये अमेरिकेच्या युटा प्रांतात जन्मलेल्या फ्लेचर यांनी शिकागोत मिलिकन यांच्याबरोबर तेलथेंबांचा प्रयोग केला आणि १९११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे टेलिफोनच्या संशोधनात ते माणसाच्या कानाकडे वळले. बहिरेपणा मोजणाऱ्या ऑडिओमीटरच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. १९३३ मध्ये त्यांनी मन्सन यांच्यासह दाखवले, की आवाज हळू असताना खर्ज कमी ऐकू येतो. आवाज वाढवला, की तोच भरदार वाटतो. त्याच वर्षी त्यांच्या चमूने फिलाडेल्फियाचा वाद्यवृंद तारांवरून वॉशिंग्टनमध्ये स्टिरिओत ऐकवला. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

दोन डॅकपैकी ज्याचा आवाज किंचित मोठा, तोच सरस वाटतो, तो यामुळेच. म्हणून आधी दोन्हींची पातळी मीटरने सारखी करावी आणि कोणता सुरू आहे हे न पाहता ऐकावे. वयानुसार तीव्र कंपनांचे स्वर कमी ऐकू येतात. त्यामुळे लाखभर रुपये मोजण्याआधी एकदा श्रवणचाचणी करून घेणे शहाणपणाचे.