सोळाव्या वर्षी हाती आलेली स्टिक

माझ्या पंधरा वर्षांच्या पुतण्याला यंदा हॉकीचं वेड लागलं. पण ज्या गृहस्थांकडे तो शिकायला गेला, त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला वाटेला लावलं. म्हणे, सातव्या-आठव्या वर्षी यायला हवं होतं, आता हात वळायचा नाही. पोरगं तोंड पाडून घरी आलं. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी त्याला मेजर ध्यानचंदांची गोष्ट सांगितली. हिटलरची नव्हे, ती दंतकथा सगळ्यांनाच ठाऊक असते. मी सांगितली ती त्याच्या कितीतरी आधीची.

ध्यानचंदांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ चा, अलाहाबादचा. वडील सैन्यात, त्यामुळे बिऱ्हाड सदा पाठीवर. शिक्षण सहावीपर्यंतच झालं. पुढे कुटुंब झाशीला स्थिरावलं. वडील स्वतः हॉकी खेळत, पण मुलाचा ओढा कुस्तीकडे. १९२२ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, दिल्लीत ब्राह्मण रेजिमेंटमध्ये शिपाई म्हणून भरती होईपर्यंत त्यांनी हॉकी मनावर घेतलीच नव्हती!

गुरू भेटला तो पलटणीतच. सुभेदार-मेजर बाले तिवारी हे हॉकीचे मोठे शौकीन. त्यांनी या नव्या शिपायाला खेळाचे पहिले धडे दिले. हॉकीची बाराखडी दिसते तेवढी सोपी नाही. स्टिकची एकच बाजू सपाट, चेंडू तिनेच खेळायचा. डावा हात वर मुठीशी घट्ट, स्टिक फिरवायची ती त्याने. उजवा खाली, सैल, केवळ दिशा देण्यापुरता. नवशिक्याचं नेमकं उलटं होतं, उजवा हात जोर करतो आणि चेंडू निसटतो. ही सवय मोडायला एकच उपाय, रोजचा सराव. छावणीतलं काम आटोपल्यावर ते चांदण्यात सराव करीत आणि त्यावरून ध्यानसिंगांचे ध्यानचंद झाले, असं सांगतात.

आणि फळ किती लवकर आलं पाहा. १९२६ मध्ये सैन्याचा संघ न्यूझीलंडला गेला, त्यात ते होते. एकवीस सामन्यांपैकी अठरा जिंकले, दोन बरोबरीत सुटले, एकच हरला. परतल्यावर शिपायाचा लान्स नाईक झाला. स्टिक मनावर घेऊन अवघी चार वर्षं झाली होती.

पुढचा प्रसंग आपल्या मुंबईतला आहे. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅमला निघालेला ऑलिंपिक संघ बोटीवर चढण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी खेळला आणि चक्क हरला. निरोप द्यायला बंदरावर माणसं किती? तीन! त्याच संघाने तिकडे पाच सामन्यांत एकोणतीस गोल केले, स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यातले चौदा एकट्या ध्यानचंदांचे. सुवर्णपदक घेऊन संघ परतला, तेव्हा त्याच मुंबईत स्वागताला ही गर्दी लोटली. १९३२ मध्ये लॉस एंजेलिस आणि १९३६ मध्ये, कर्णधार म्हणून, बर्लिन, दोन्हीकडे सुवर्ण. त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे.

त्यांच्या स्टिकला गोंद असतो, लोहचुंबक असतो, अशा वावड्या उठत. मला मात्र त्यांच्या खेळाचं मर्म एका वेगळ्याच गोष्टीत दिसतं. १९४७ च्या सुमारास ते पूर्व आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा चाळिशी उलटली होती. एका सामन्यात त्यांनी के. डी. सिंग बाबूंना अचूक पास दिला आणि पुढे काय होतं ते न पाहताच पाठ फिरवून ते चालू लागले. नंतर कोणी विचारलं तेव्हा त्यांचं म्हणणं एवढंच, की अशा पासवर ज्याला गोल करता येत नाही, त्याची माझ्या संघात जागा नाही. स्वतः गोल मारणाऱ्याला दुसऱ्याच्या गोलाची एवढी खात्री!

१९५६ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. अखेरचे दिवस ओढग्रस्तीत गेले. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या रुग्णालयात, सामान्य कक्षात, त्यांनी डोळे मिटले. अंत्यसंस्कार झाले ते झाशीच्या मैदानावर.

एवढं ऐकून पुतण्याने विचारलं ते भलतंच. उजवा हात सैल म्हणजे किती सैल? आता रोज संध्याकाळी आमच्या आवारातल्या भिंतीवर चेंडू आपटतो आहे. शेजारचे आजोबा एकदा तक्रार करून गेले. उजवा हात अजून जोर करतोच.