स्मिता पाटील

मुलांनो, टीव्हीवर बातम्या वाचणारी व्यक्ती तुम्ही पाहिली असेल. १९७० नंतरच्या काळात मुंबई दूरदर्शनवर एक सावळी, मोठ्या डोळ्यांची तरुणी मराठीत बातम्या वाचत असे. तीच पुढे थोर अभिनेत्री झाली. तिचे नाव स्मिता पाटील.

स्मिता यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुणे येथे झाला. वडील राजकारणात होते, तर आई समाजसेविका होती. त्यामुळे गोरगरिबांची दुःखे त्यांनी लहानपणापासून पाहिली.

दिग्दर्शक श्याम बेनेगल यांनी त्यांना चित्रपटात आणले. 'मंथन' (१९७६) या चित्रपटात त्या खेड्यातील एक स्वाभिमानी स्त्री झाल्या. 'चक्र' (१९८१) मध्ये त्यांनी झोपडपट्टीतील बाईचे जीवन दाखवले. 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

त्या काळी बहुतेक चित्रपटांत नायिकेने फक्त सुंदर दिसावे, नाचावे, अशी अपेक्षा असे. स्मिता यांनी तसेही काही चित्रपट केले. पण त्यांचे मन तेथे रमले नाही. 'उंबरठा' (१९८२) या मराठी चित्रपटातील सुलभा आठवा. निराधार स्त्रियांसाठी काम करायला ती घराबाहेर पडते. परत आल्यावर घरात तिला पूर्वीची जागा राहत नाही. तरीही ती खचत नाही.

१३ डिसेंबर १९८६ रोजी, अवघ्या ३१ व्या वर्षी, स्मिता यांचे निधन झाले. मुलांनो, ज्यांचे कोणी ऐकत नव्हते, अशा स्त्रियांना त्यांनी आपला आवाज दिला. तुम्ही आपला आवाज कोणासाठी वापराल?