औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी : राज्य देऊन टाकणारा राजा

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे आपल्या बैठकीत ठरले आणि ते काम माझ्या गळ्यात पडले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही सोडली तर लिहिण्याचा सराव नाही. तेव्हा भगिनींनी चूकभूल पोटात घालावी, ही आधीच विनंती करते.

बहुतेकींना वाटले असेल की मी जिजाऊमाता किंवा अहिल्याबाईंवर लिहीन. त्या आपल्याला पूज्यच आहेत. पण मी निवडले आहेत औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. गेल्या वर्षी आपली सहल औंधला गेली होती ते आठवत असेलच. यमाईचे दर्शन घेऊन आपण टेकडीवरचे चित्रांचे संग्रहालय पाहिले आणि झाडाखाली डबे सोडले. तिथे बऱ्याच जणींनी मला विचारले की हा राजा कोण आणि एवढी चित्रे जमवायला त्याला वेळ कुठून मिळाला. त्या वेळी मला नीट सांगता आले नाही. ते आज सांगते.

माझे माहेर आटपाडीकडचे, म्हणजे पावसाने पाठ फिरवलेल्या माणदेशातले. हा मुलूख पूर्वी औंध संस्थानात होता. माझ्या आजीचे बालपण त्या संस्थानातच गेले, त्यामुळे पंतांच्या गोष्टी मी तिच्या मांडीवर ऐकल्या आहेत. तिच्या तोंडी राजा असा शब्द कधी यायचा नाही. ती पंतमहाराज म्हणायची आणि म्हणताना पदर सारखा करायची.

पंतप्रतिनिधी हे पद छत्रपती राजाराममहाराजांच्या काळापासूनचे. त्या घराण्यात बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. त्यांचे पूर्ण नाव भवानराव श्रीनिवासराव. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते बी. ए. झाले. राजपुत्राने एवढे शिकावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. वडिलांच्या हाताखाली कारभार पाहिला आणि १९०९ साली ते गादीवर आले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

संस्थान लहानसेच होते. सारी मिळून ७२ गावे आणि वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. तीही सलग नव्हती. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. फाटक्या लुगड्याला जागोजागी ठिगळे लावावीत तसे ते राज्य इंग्रजी मुलखात विखुरलेले होते. उत्पन्न बेताचे, पाऊस त्याहून बेताचा. पण राजाची हौस मात्र मोठी होती.

बाळासाहेब स्वतः चित्रे काढीत. रामायणातील प्रसंगांची चित्रे काढून त्यांनी चित्ररामायण छापले. ते कीर्तनही करीत. राजा गळ्यात हार घालून, झांजांच्या तालावर देवापुढे उभा राहतो हे दृश्य आजीच्या वडीलधाऱ्या माणसांनी पाहिलेले होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची शुद्ध प्रत तयार करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्यासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ करणारे हेच राजे. एवढ्याशा संस्थानाला एक लाख म्हणजे काय, याचा आपण गृहिणींनी तरी अंदाज करावा. वेदांचे पंडित सातवळेकर पुष्कळ वर्षे औंधला राहिले ते पंतांच्याच आश्रयाने. १९३५ साली इंदूरला मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद बाळासाहेबांना मिळाले.

उद्योगाकडेही त्यांचे लक्ष होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा पंतांनी त्यांना कुंडलजवळ माळरान दिले. ही गोष्ट १९१० सालची. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथले लोखंडी नांगर साऱ्या महाराष्ट्राच्या शेतांत फिरले.

पण साऱ्या मुलखात त्यांचे नाव झाले ते सूर्यनमस्कारांमुळे. ते स्वतः रोज नेमाने नमस्कार घालीत आणि साऱ्या प्रजेने घालावेत असा त्यांचा हट्ट होता. संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे होते. मुलींनी आणि बायकांनीही घालावेत असे त्यांचे मत होते. त्यांनी त्यावर पुस्तके लिहिली आणि त्यांचे नाव विलायतेपर्यंत गेले. आपल्या मंडळात सकाळी ज्या दहाबारा जणी नमस्कार घालतात, त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

इथपर्यंतची हकीगत ऐकली की राजा चांगला होता एवढेच मनात येते. चांगले राजे आणखीही झाले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे समजेल. औंधमध्ये जे चांगले होत होते ते एका माणसाच्या हुकमाने होत होते. शाळा काढा म्हटले की शाळा निघे. नमस्कार घाला म्हटले की पोरे ओळीने उभी राहत. लोकांना विचारण्यासाठी रयतेची सभा होती खरी, पण शेवटचा शब्द पंतांचा. घरातल्या कर्त्या माणसाने सगळ्यांचे भले पाहावे, पण कपाटाची किल्ली आपल्याच कमरेला ठेवावी, तसाच हा प्रकार होता.

मग १९३७ साली त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब विलायतेहून बॅरिस्टर होऊन परत आले. त्यांचा स्नेह मॉरिस फ्रीडमन नावाच्या एका गृहस्थांशी जुळला. हे मूळचे पोलंड देशातले इंजिनिअर. बंगळूरला मोठ्या नोकरीवर होते, पण मन सारे भारतीय साधूंकडे लागलेले. पुढे ते भगवी वस्त्रे घालून भारतानंद या नावाने राहू लागले. अप्पासाहेब आणि फ्रीडमन या दोघांनी बाळासाहेबांच्या मनात घातले की राज्य रयतेला देऊन टाकावे. त्या वेळी इतर संस्थानांतून प्रजा हक्क मागत होती आणि ठिकठिकाणी धरपकड चालू होती. इथे तर कोणी गळ्याशी येऊन बसलेले नसताना राजा स्वतःच तयार झाला.

१९३८ च्या नोव्हेंबरात, सत्तरी गाठलेल्या बाळासाहेबांनी ही घोषणा केली. राज्यघटना कशी असावी हे विचारायला मंडळी महात्मा गांधींकडे वर्ध्याला गेली. गांधीजींनी मसुदा बारकाईने पाहून त्यात स्वतः फेरफार सुचवले. गाव हाच राज्याचा पाया असावा, साक्षरता वाढवावी आणि राजाने साधेपणाने राहावे यावर त्यांचा भर होता. २१ जानेवारी १९३९ रोजी ही स्वराज्याची घटना अमलात आली. देशाला स्वातंत्र्य मिळायला अजून आठ वर्षे होती आणि वर इंग्रजांचे राज्य होते. अशा वेळी या ७२ गावांत लोक आपला कारभार आपण पाहू लागले.

ही व्यवस्था समजायला सोपी होती. प्रत्येक गावाने आपले पाच पंच निवडायचे. गावोगावच्या पंचायतींच्या प्रमुखांची मिळून तालुक्याची पंचायत व्हायची आणि तालुक्यांतून प्रतिनिधी संस्थानच्या विधिमंडळात जायचे. वसुलाचा मोठा वाटा गावाकडे आणि तालुक्याकडे राहायचा. शाळा, विहीर, रस्ता, आरोग्य यांचा विचार गावाने करायचा. तंटा झाला तर शक्य तो न्यायही जवळच मिळावा अशी सोय होती. राजाचा खर्च ठरवून दिलेला, त्यापलीकडे तिजोरीला हात लावायचा नाही.

आजीचे वडील गावच्या पाच पंचांपैकी एक होते. आजी तेव्हा नऊदहा वर्षांची. पारावर पंच बसत आणि बायका लांब भिंतीच्या आडून ऐकत, असे ती सांगे. तिच्या वडिलांना सही येत नव्हती. पंच झाल्यावर अंगठा उठवायची लाज वाटू लागली, म्हणून रात्री कंदिलाच्या उजेडात ते पाटी घेऊन बसले आणि शेजारी बसून आजीही अक्षरे शिकली. आमच्या घरात बाईमाणसाच्या हाती पाटी आली ती अशी. माझी सातवी लहान म्हणावी तरी तिची सुरुवात त्या कंदिलापासून आहे.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र कोणी समजू नये. काही गावांत तट पडले. कुठे जुन्या वैराला पंचायतीचे निमित्त मिळाले. पिढ्यान्‌पिढ्या दरबारात अर्ज करायची सवय असलेल्या माणसांना आपणच निर्णय घ्यायचा म्हटल्यावर गांगरायला होई. आजीच्या गावात एका विहिरीची जागा ठरेना, तेव्हा दोन म्हातारे औंधला पंतमहाराजांकडे निघाले होते. जागा पंतांनी सांगावी आणि सगळ्यांनी ऐकावे, एवढीच त्यांची इच्छा. तिच्या वडिलांनी त्यांना वेशीवरून माघारी आणले. विहिरीला उशीर झाला, पण ती गावाने खणली.

मला बाळासाहेबांचा मोठेपणा इथे वाटतो. ज्या माणसाच्या शब्दासरशी सारी शाळा सूर्याकडे तोंड करून उभी राहत होती, त्या माणसाने गप्प बसायला शिकायचे होते. आपल्याला बरे दिसते ते बोलायचे, पण हुकूम करायचा नाही. समोर चुकते आहे हे कळत असतानाही हात आखडून धरायचा. सत्तर वर्षांच्या माणसाला सवय मोडणे किती कठीण, हे ज्यांच्या घरी म्हातारी माणसे आहेत त्यांना सांगायला नको.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत निघाली. फ्रीडमन यांची ती कल्पना. भिंती नाहीत, कुलपे नाहीत. शिक्षा झालेल्या माणसांनी शेती करायची, घरे बांधायची आणि बायकामुलांसह राहायचे. प्रजेवर विश्वास टाकलाच आहे तर कैद्यावरही टाकून पाहू, असा तो विचार. आटपाडी तालुक्यातले आपले ग. दि. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकलेले. त्यांनीच या वसाहतीवरून पुढे कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट काढला. बोलपट आपण सगळ्यांनी डोळे पुसत पाहिला आहे, पण त्याचे मूळ आपल्या माणदेशात आहे हे पुष्कळांना ठाऊक नाही. ती वसाहत आजही आहे.

१९४२ च्या चळवळीत सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. कुंडलचा भाग त्याचे मोठे केंद्र होता आणि कित्येक भूमिगत कार्यकर्त्यांना औंधच्या हद्दीत आसरा मिळाला. अप्पासाहेब आधी मंत्री आणि मग पंतप्रधान म्हणून कारभार पाहत होते. इंग्रजांच्या डोळ्यांसमोर हे सगळे चालवणे सोपे नव्हते.

देश स्वतंत्र झाला. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर औंधही मुंबई राज्यात विलीन झाले. बाळासाहेबांनी दुसऱ्यांदा राज्य सोडले. पहिल्यांदा रयतेला दिले, आता देशाला. पण एक गोष्ट सांगताना आजीच्या आवाजात खंत असायची. मोठे स्वराज्य आले तेव्हा औंधच्या गावांचे धाकटे स्वराज्य संपले. पंचायतीकडचा पैसा आणि अधिकार कचेरीत गेले, आणि जी माणसे आपली विहीर आपण खणत होती ती पुन्हा अर्ज घेऊन रांगेत उभी राहिली. १३ एप्रिल १९५१ रोजी बाळासाहेब देवाघरी गेले. गावच्या पंचायतीला देशाच्या घटनेत पक्की जागा मिळायला १९९३ साल उजाडावे लागले. तेव्हापासून तिथे बायकांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. आजीने भिंतीआडून ज्या सभा ऐकल्या, तिथे आज तिच्या नाती-पणती समोर बसतात.

आता हे चरित्र मी का निवडले ते सांगून पुरे करते. भगिनींना ठाऊक आहे की मंडळाच्या कपाटाची किल्ली आणि हिशेबाची वही बारा वर्षे माझ्याकडे आहे. एक पैसा कधी इकडचा तिकडे झाला नाही. यंदा पहिल्यांदाच चिठ्ठ्या टाकून निवड झाली आणि खजिनदार म्हणून एका तरुण सूनबाईंचे नाव आले. मी सगळ्यांच्या देखत टाळ्या वाजवल्या, पण घरी येऊन रडले. ती हिशेब मोबाईलवर ठेवणार, भिशीचे दिवस बदलणार, माझी बारा वर्षांची घडी विसकटणार असेच मनात येत राहिले. महिना झाला तरी किल्ली माझ्याच कमरेला होती. ती मागायला आली की मी काहीतरी निमित्त काढत होते.

मग स्मरणिकेसाठी हे लिहायला बसले. आजीची विहीर आठवली, वेशीवरून माघारी फिरलेले म्हातारे आठवले. पंतांना लोकांनी मते देऊन काढले नव्हते, तरी त्यांनी दिले. मला तर माझ्याच मैत्रिणींनी मत देऊन सांगितले होते आणि तरी मी किल्ली धरून बसले होते. ७२ गावांपुढे एक कपाट ते केवढे!

परवा किल्ली देऊन आले. वहीही दिली. भिशीचे दिवस तिने बदललेच आहेत. मला ते अजून पटलेले नाही आणि पुढच्या बैठकीत मी तसे बोलणार आहे. बोलायचा हक्क आहे, हुकमाचा नाही. आपल्या मंडळाची अशीच भरभराट होवो आणि आपण सगळ्याजणींना वेळेवर घ्यायला व वेळेवर सोडायला यमाई बुद्धी देवो, एवढीच प्रार्थना.