आजचे चिंतन : जीव आला कुठून? आणि माधानचे गुलाबराव महाराज



आज नित्यपाठात गीतेचा तेरावा अध्याय. त्यातल्या सव्विसाव्या श्लोकापाशी (काही प्रतींत तो सत्ताविसावा येतो) थांबलो. भगवंत अर्जुनाला सांगतात की जगात जे जे जन्माला येतं, मग ते झाडासारखं एका जागी उभं असो की मुंगीसारखं चालतं-फिरतं, ते सगळं क्षेत्र आणि क्षेत्रज्ञ यांच्या संयोगातून येतं. क्षेत्र म्हणजे हे शेत, हा देह, ही प्रकृती. क्षेत्रज्ञ म्हणजे त्या शेताला जाणणारा.

कारंज्यात आमच्या संध्याकाळच्या वाचनाला एक दहावीतली मुलगी येऊन बसते. तिच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातला पहिलाच धडा आहे आनुवंशिकता व उत्क्रांती. घरचे तिला म्हणाले, परीक्षेत लिही, मार्क घे, पण खरं मानू नको. तिनं मला विचारलं की मनात एक आणि कागदावर एक, हे खोटं बोलणं नाही का? प्रश्न साधा वाटतो, पण तसा नाही. देवाच्या नावानं आपण मुलांना दोन तोंडांनी बोलायला शिकवत असू, तर आपल्या पाठाला अर्थ काय उरला? म्हणून आज श्लोकासोबत एका संताचं चरित्र सांगतो. हा प्रश्न त्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्याच वऱ्हाडात बसून अंगावर घेतला होता.

गुलाबराव गोंदुजी मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ चा. गाव लोणी टाकळी, जिल्हा अमरावती. घराणं माधानचं, चांदूर बाजार तालुक्यातलं. कुणब्याचं घर, शेतीवाडीचं. मूल नऊ महिन्यांच्या सुमाराचं असताना डोळे आले, चुकीचा औषधोपचार झाला आणि दृष्टी कायमची गेली. नऊ महिने म्हणजे १८८२ चा एप्रिल. त्याच एप्रिलच्या १९ तारखेला तिकडे इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन वारले. योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायचं नाही. पण ज्याच्या ग्रंथानं जगभर वाद माजवला तो माणूस गेला, आणि त्याच सुमारास वऱ्हाडातल्या एका खेड्यात, पुढं त्याच मताची परीक्षा करणाऱ्या पोराचे डोळे मिटले, एवढं मात्र लक्षात राहतं.

चार वर्षांचं असताना या मुलाची आई गेली. आजोळी आजीनं वाढवलं. शाळा नाही, अक्षरओळख नाही. ऐकायचं आणि लक्षात ठेवायचं, हाच अभ्यास. गावात जो कोणी वाचू शके त्याच्याकडून ते ग्रंथ वाचून घेत. एकदा ऐकलेलं त्यांच्या मनातून जात नसे असं सगळेच सांगतात. १८९६ मध्ये मणकर्णिकाबाईंशी लग्न झालं. संसार सुरू झाला, पण ओढ दुसरीकडेच होती.

वऱ्हाडानं १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ सोसला, आणि त्यानंतर लगेच, १९०१ मध्ये, महाराजांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट घडली. सहाशे वर्षांपूर्वी समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वर माउलींनी आपल्याला मांडीवर घेऊन स्वतःच्या नावाचा मंत्र दिला, असा अनुभव त्यांनी सांगितला. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले. श्रीकृष्णाला पती मानून गोपीभावानं राहू लागले, कुंकू, मंगळसूत्र अशी सौभाग्यचिन्हं घालू लागले. एका धडधाकट कुणबी तरुणानं असं राहायचं म्हणजे गावात काय काय बोललं गेलं असेल याची कल्पना करा. त्यांच्या विचाराला मधुराद्वैत म्हणतात. ज्ञानानं पाहिलं तर देव आणि भक्त एकच, पण त्या एकपणातही प्रेमाची गोडी सुटत नाही, असं त्याचं थोडक्यात सार.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय अवघं ३४. एवढ्या आयुष्यात सव्वाशेहून अधिक लहानमोठे ग्रंथ, सगळे तोंडी सांगून दुसऱ्यांच्या हातून लिहवलेले. वेदान्त आणि योग तर आहेच, पण आयुर्वेद, संगीत, काव्यशास्त्र हेही आहे. आणि याच माणसानं डार्विन आणि हर्बर्ट स्पेन्सर यांची मतं समजून घेतली आणि वेदान्ताच्या अंगानं त्यांवर टीका केली. म्हणूनच लोक त्यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात.

आता कोणी म्हणेल, माधानच्या अंध साधूला डार्विन कशाला हवा होता? तर तो काळ बघा. डार्विनचा जीवजातींच्या उगमावरचा ग्रंथ १८५९ चा. स्पेन्सरचं नाव तेव्हा मराठी सुशिक्षितांत डार्विनपेक्षाही मोठं होतं. आगरकरांच्या विचारावर मिल आणि स्पेन्सर यांची छाप होती, आणि आगरकर मॅट्रिक झाले ते आपल्या अकोल्यातून. म्हणजे ही मतं दूर विलायतेतच राहिली नव्हती. वर्तमानपत्रांतून, वकिलांच्या बैठकीतून, शिकून आलेल्या पोरांच्या तोंडून ती वऱ्हाडात पोचली होती. देव, आत्मा, परलोक सगळं थोतांड, असं म्हणणारे त्यांचाच आधार घेत. भाविकांकडे तेव्हा दोनच उपाय होते. एक, कानावर हात ठेवणे. दोन, शिव्या देणे. महाराजांनी तिसरा काढला. समोरच्याचं म्हणणं आधी नीट ऐकून घेतलं.

आता ते म्हणणं काय, ते आपणही समजून घेऊ. डार्विननं सांगितलं ते असं. जितके जगू शकतात त्याहून जास्त जीव जन्माला येतात. सगळे सारखे नसतात, थोडाथोडा फरक असतो. ज्याचा फरक परिस्थितीला जुळतो तो टिकतो आणि आपला गुण पिल्लांना देतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललं की जात बदलते. हे खोटं वाटत असेल तर आपल्या पराटीच्या वावरात बघा. बीटी कपाशी २००२ पासून आली. बोंडअळी मरू लागली. पण ज्या थोड्या गुलाबी बोंडअळ्या त्या विषाला पुरून उरल्या, त्यांचीच संतती वाढत गेली, आणि २०१७ मध्ये विदर्भात काय झालं ते कास्तकाराला सांगायला नको. डार्विन म्हणतो ती निवड हीच, बरं का. ती आपण डोळ्यांनी पाहिली आणि खिशानं भोगली.

पण एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पहिला जीव कसा झाला, हे त्या ग्रंथात डार्विननं सांगितलेलं नाही. पुढं १८७१ मध्ये एका मित्राला लिहिताना त्यानं एखाद्या कोमट डबक्यात तशी सुरुवात झाली असेल का, एवढी शंका काढली. दरम्यान पाश्चरनं दाखवलं होतं की उकळून बंद केलेल्या रसात आपोआप जंतू होत नाहीत. मग विसाव्या शतकात ओपारिन आणि हॉल्डेन यांनी मांडलं की आदिम पृथ्वीवरच्या रसायनांतून हळूहळू जीव घडला असावा. १९५३ मध्ये मिलर यांनी वायू आणि पाणी काचपात्रात घेऊन विजेच्या ठिणग्या सोडल्या, तर प्रथिनांचे घटक तयार झाले. घटक झाले, जीव नाही झाला. पृथ्वीवर साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी जीव होता याच्या खुणा सापडतात, पण पहिली पेशी नेमकी कशी झाली हे कोडं शास्त्रज्ञ आजही सोडवताहेत. आपल्या जिल्ह्याशेजारच्या लोणार सरोवराच्या खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात राहणारे सूक्ष्मजीवही ते तपासतात. तिथंच विष्णूनं लवणासुर मारल्याची कथा आहे आणि दैत्यसूदनाचं देऊळही. एकाच काठावर दोन्ही नांदतात.

आणि धर्माचं एकच एक म्हणणं आहे असंही नाही. बायबलमध्ये सहा दिवसांची सृष्टी आहे. आमच्या कारंज्यात आणि शिरपूरला जैन मंदिरं आहेत, आणि जैन मतात जग अनादि आहे, त्याला कर्ताच नाही. आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषद आत्म्यापासून आकाश, मग वायू, अग्नी, पाणी, पृथ्वी, वनस्पती, अन्न आणि शेवटी माणूस असा क्रम सांगतं. ऋग्वेदाचं नासदीय सूक्त तर शेवटी विचारतं की हे सगळं कुठून आलं ते वरून पाहणाऱ्यालाही ठाऊक असेल की नसेल! इतकी मोकळीक असलेल्या परंपरेनं शाळेच्या धड्याला घाबरायचं का?

आचार्यांनी याचा उलगडा फार पूर्वी केलाय. गौडपाद म्हणतात की माती, लोखंड, ठिणगी अशा दृष्टांतांनी शास्त्रात सृष्टी वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितली, ती फक्त तत्त्वाकडे बोट दाखवण्यासाठी. शंकराचार्यही तेच धरतात. म्हणजे उपनिषद हे जीवशास्त्राचं पुस्तक नाही. मग अद्वैत्याचा झगडा उरतो कुठं? माकडापाशी नाहीच. तो उरतो जाणिवेपाशी. देह कसा घडला, पाय कसे फुटले, हे क्षेत्राचं वर्णन. पण जाणीव हीसुद्धा जड पदार्थातूनच निपजली असं म्हटलं की वेदान्ती उभा राहतो. कारण जड आहे हे कळण्यासाठीच आधी जाणणारा लागतो. स्पेन्सरही शेवटी म्हणतो की विश्वाच्या मुळाशी जे आहे ते अज्ञेय, ते कधी कळणार नाही. वेदान्त म्हणतो, ते दूर नाहीच, जाणणारा तूच आहेस. महाराजांच्या टीकेकडं मी याच दिशेनं बघतो.

हे मी कोणाला हरवायला लिहीत नाही. महाराज गेले त्यानंतर जनुकांचा शोध खोल गेला, डीएनएची रचना १९५३ मध्ये कळली, जीवाश्मांचे पुरावे वाढले. सगळे जीव एकमेकांचे सोयरे आहेत हे आता पक्कं झालंय. महाराजांचं नाव पुढं करून डार्विन खोटा म्हणणं मला बरोबर वाटत नाही. आणि मत्स्य, कूर्म, वराह म्हणजेच उत्क्रांती, आपल्याला आधीच माहीत होतं, असे मेसेज फिरवणंही नको. अवतार सांगितले ते धर्म राखण्यासाठी, प्राण्यांचा क्रम शिकवण्यासाठी नव्हे. उलट, विज्ञानानं देव खोटा पाडला असं म्हणणाऱ्यानंही थोडं थांबावं. क्षेत्राची मोजणी कितीही झाली तरी मोजणारा कोण, हा प्रश्न मागे राहतोच.

तेव्हा मुलांना म्हणावं, धडा मनापासून शीक, पटला तर खरा मान आणि तसंच लिही. त्यात पाप नाही. गीतेचा श्लोकही मनापासून म्हण. एक सांगतं शेत कसं पिकलं, दुसरं विचारतं शेताला जाणणारा कोण. दोन्ही ठिकाणी तोंड एकच ठेव. ज्याला डोळे नव्हते त्या संतानं विरोधकाचे विचार दुसऱ्यांकडून वाचून घेतले, तर डोळे असलेल्या आपण पुस्तक मिटून का ठेवावं?

आजच्या दिवसासाठी एवढंच करूया. ज्याचं मत आपल्याला पटत नाही, त्याचं म्हणणं मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घेऊया. मग संध्याकाळी पाच मिनिटं शांत बसून बघूया की हे ऐकणारा आत कोण आहे.

माउली सर्वांना सद्बुद्धी देवो. उद्या तेराव्या अध्यायाचा पुढचा श्लोक.

ज्ञानेश्वर महाराज की जय. रामकृष्णहरी.