विश्लेषण : रेडिओ मनोऱ्याचा निम्मा भाग जमिनीखाली का असतो? मार्कोनी यांची युक्ती आजही कशी कामी येते?

पनवेलमध्ये जुन्या रेडिओवर ५५८ किलोहर्ट्झ ही जागा आकाशवाणी मुंबईच्या अस्मिता वाहिनीची. तिचे प्रक्षेपण केंद्र मालाडच्या मालवणीत, सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरवर. मध्यम लहरींच्या अशा कोणत्याही केंद्राचा मनोरा लांबून दिसतो. पण त्याच्या पायथ्याशी पुरलेल्या तांब्याच्या तारा आणि केबल दिसत नाहीत. त्या कुजल्या की दूरच्या गावांत आवाज क्षीण होतो. अँटेनाला जमिनीची जोड देण्याची पद्धत रेडिओत रूढ केली ती गुलिएल्मो मार्कोनी यांनी.

सुरुवात कशी झाली?

मार्कोनी यांचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे झाला. वडील जमीनदार, आई ॲनी जेमसन आयर्लंडच्या. मार्कोनी यांनी विद्यापीठाची पदवी घेतली नाही. हाइनरिश हर्ट्झ यांनी विद्युतचुंबकीय लहरी प्रयोगशाळेत सिद्ध केल्या होत्या. त्यांच्यावरून संदेश धाडण्याचा ध्यास मार्कोनी यांनी घेतला. १८९५ मध्ये त्यांनी यंत्राचे एक टोक उंचावर टांगले आणि दुसरे जमिनीला जोडले. एवढ्या बदलाने पल्ला एकदम वाढला. दोन किलोमीटरहून अधिक अंतरावर, टेकडीपलीकडे संदेश पोहोचला. तो मिळाल्याची खूण म्हणून तिकडून बंदुकीचा बार काढण्यात आला.

जमीन नेमके काय करते?

हर्ट्झ यांच्या अँटेनाला दोन भुजा होत्या. मार्कोनी यांच्या रचनेत दुसऱ्या भुजेचे काम जमीन करते. मनोऱ्यात चढणारा विद्युतप्रवाह जमिनीतून पायथ्याशी परततो. नुसत्या मातीतून परतताना त्याची बरीच ऊर्जा उष्णतेत वाया जाते. खाडीकाठची खारट, ओली जमीन त्याला सोपी जाते, कोकणातला कातळ अवघड. म्हणून मनोऱ्याभोवती तांब्याच्या तारांचे जाळे पुरतात.

लंडनपासून अटलांटिकपार

१८९६ मध्ये मार्कोनी लंडनला गेले. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंता विल्यम प्रीस यांनी त्यांना पाठबळ दिले. त्याच वर्षी त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १८९७ मध्ये कंपनी काढली, १८९९ मध्ये इंग्लिश खाडीपार संदेश धाडला. १९०१ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील पोल्डू केंद्राचे खांब वादळात कोसळले. तरी १२ डिसेंबर रोजी न्यूफाउंडलंडमध्ये पतंगाला तार बांधून त्यांनी पोल्डूहून आलेले तीन ठिपके ऐकल्याचे जाहीर केले. या दाव्याविषयी अभ्यासकांत आजही दुमत आहे. त्या वेळी वापरलेल्या पाऱ्याच्या संवेदकाचे मूळ जगदीशचंद्र बोस यांच्या संशोधनात असल्याचेही काही अभ्यासक मानतात.

मान मिळाला, वादही झाले

१९०९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मार्कोनी आणि कार्ल ब्राउन यांना विभागून मिळाले. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडताना मदतीची हाक देणारे दोघे तारायंत्रचालक मार्कोनी कंपनीचे होते; सातशेहून अधिक जण वाचले. त्याच वर्षी मोटार अपघातात मार्कोनी यांचा एक डोळा गेला. १९२३ मध्ये ते मुसोलिनींच्या फॅसिस्ट पक्षात गेले. ही त्यांच्या चरित्राची काळी बाजू. लहरींवर मानवी आवाज स्वार करण्याचे, म्हणजे एएमचे, श्रेय मात्र प्रामुख्याने रेजिनाल्ड फेसेंडेन यांना दिले जाते.

महाराष्ट्राशी संबंध कसा?

मार्कोनी यांच्या कंपनीने विकसित केलेल्या बीम पद्धतीने १९२७ मध्ये इंग्लंड आणि भारत जोडले गेले. त्यासाठीची भारतातील केंद्रे पुण्याजवळ खडकी आणि दौंड येथे होती. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. दहा वर्षांनी, २० जुलै १९३७ रोजी, मार्कोनी यांचे रोममध्ये निधन झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात अमेरिकेतील जॉर्ज ब्राउन व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. मनोऱ्याभोवती किती तारा पुराव्यात, याचा आधार आजही तोच अभ्यास आहे.

जाळे बदलणे इतके खर्चिक का?

रूढ प्रमाण १२० तारांचे : चाकाच्या आऱ्यांप्रमाणे दर तीन अंशांना एक. ५५८ किलोहर्ट्झची लहर सुमारे ५३७ मीटर लांब. तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारे १३४ मीटरची, प्रत्येक तार धरली तर एकूण १६ किलोमीटर तांबे लागते. क्षार आणि पावसाचे पाणी तारा खातात, सांधे सुटतात, खोदकामात तारा तुटतात, तांब्याची चोरीही होते. प्रक्षेपकापासून मनोऱ्यापर्यंतच्या केबलचे आवरण तडकले की आत ओल शिरते.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. चतुर्थांश लहरीच्या मनोऱ्याचा उत्सर्जन रोध सुमारे ३६ ओहम असतो. जमिनीतील हानीचा रोध ४ ओहम असेल तर ९० टक्के शक्ती हवेत जाते. तो १८ वर गेला तर एक तृतीयांश शक्ती माती तापवण्यात संपते. वीजबिल तेवढेच, पल्ला कमी.

दुरुस्ती कशी करतात?

आधी ठरावीक ठिकाणी लहरींची तीव्रता मोजतात. मग प्रक्षेपण थांबवून वीतभर खोल चरांत नव्या तारा घालतात. सांधे साध्या कथलाने न जोडता चांदीमिश्रित धातूने पक्के करतात, कारण कथलाचा सांधा ओल्या मातीत टिकत नाही. शेवटी केबल बदलून त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी होते. हे न करता केवळ नवा, अधिक शक्तीचा प्रक्षेपक बसवला, तर वाढीव शक्तीचाही मोठा वाटा मातीतच जातो आणि पनवेलसारख्या लांबच्या श्रोत्याला फारसा फरक जाणवत नाही.